टेकडीवरचा नवरा

माझा नवरा दर रविवारी सकाळी टेकडीवर जायचा. म्हणजे तसं सांगून जायचा.

त्याला रेडिओचा छंद. लोरा नावाचं टपालाच्या तिकिटाएवढं एक मॉड्यूल असतं. इवल्याशा बॅटरीवर चालतं आणि त्याची कुजबुज दहा-पंधरा किलोमीटरवर ऐकू जाते. अशा मॉड्यूलांच्या मागे लागलेल्या लोकांचा एक क्लब होता. रविवार रेंज, म्हणजे सिग्नल किती लांब पोचतो ते, मोजण्याचा. नवऱ्याने ट्रान्समीटर पाठपिशवीत घालून टेकडीवर जायचं, क्लबच्या प्रमुखाने रिसीव्हर घेऊन पार दुसऱ्या टोकाला, धरणाच्या भिंतीवर उभं राहायचं, आणि मी आमच्या गच्चीवर मधला रिसीव्हर मांडीवर घेऊन बसायचं. या प्रमुखाला सगळे डेसिबल म्हणत, कारण तो बोललेलं शेजारच्यालाही ऐकू येत नसे.

माझ्या हातातली डबी दर अर्ध्या मिनिटाला पिक् करायची. "पिक् वाजलं की समज, मी टेकडीवर आहे," नवरा म्हणायचा. डेसिबलला मात्र धरणावर काहीच मिळायचं नाही. बिचारा दर आठवड्याला नवी अँटेना करून बघायचा.

सासूबाई खूश होत्या. "पुरुषाला छंद असलेला बरा," त्या म्हणायच्या, "वाकडं पाऊल पडत नाही."

आता डबीच्या पडद्यावर कोपऱ्यात एक उणे आकडा येतो. सिग्नलचा जोर. शून्याच्या जितका जवळ, तितका पाठवणारा जवळ. हे मला नवऱ्यानेच लग्नानंतर हौसेने शिकवलं होतं आणि मी ते कधीच विसरले असणार असं तो धरून चालला होता. टेकडीवरून यायला हवा उणे एकशे दहाच्या आसपास. एका रविवारी सहज पाहिलं, तर उणे साठ. पुढच्या रविवारीही तेच. उणे साठ म्हणजे टेकडी नव्हे. उणे साठ म्हणजे मागची गल्ली.

मी डेसिबलकडे गेले. माणूस जाणकार, शिवाय सज्जन, असं मला वाटायचं. तो हसायलाच लागला. "वहिनी, साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही. रिसीव्हर बिघडला असेल. आकड्यांवरून कुणी नवरा पकडतं का?"

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याने हे क्लबात सांगितलं, विनोद म्हणून. सगळे पोट धरून हसले. नवरा घरी आला तो लालबुंद होऊन. "चारचौघांत माझी शोभा केलीस!" सासूबाई म्हणाल्या, "संशयाला औषध नसतं गं बाई." माझी सख्खी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, एकदा डॉक्टरांना दाखवून घेतेस का?" खोटी ठरले असते तर सोसलं असतं. पण मी वेडी ठरायला लागले होते. आणि खरं सांगते, भाजी चिरता चिरता मलाच कधी कधी वाटायचं, असेनही.

म्हणून पुढच्या रविवारी गच्चीवर न बसता डबी ओढणीखाली धरून बाहेर पडले. डावीकडे वळले, उणे सत्तर. मागे फिरले, उजवीकडे वळले, उणे पन्नास. दर अर्ध्या मिनिटाला थांबायचं, आकडा बघायचा, पुढे सरकायचं. एका निळ्या फाटकापाशी उणे तीस आला.

फाटक डेसिबलचं होतं. डेसिबल तेव्हा धरणावर उभा होता. त्याला तिथे पाठवण्याची कल्पना कोणाची, हे सांगायला नको. घरी होती त्याची बायको.

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी बेल वाजवली नाही. डेसिबलला गुपचूप सांगावं, असं मनात आलं होतं. मग त्याचं हसू आठवलं. चारचौघांत हसला होता ना? मग त्याला चारचौघांतच कळू दे.

त्याच्या पुढच्या रविवारी पिक् सुरू झाल्याबरोबर मी धरणावर फोन लावला. आवाज शक्य तितका भोळा केला. "भाऊजी, आज पण उणे साठच येतंय. यांचा फोनही लागत नाही. मला बाई यातलं काही कळत नाही."

"परत उणे साठ?" तो विचारात पडला. मग चक्क मोठ्याने ओरडला, "वहिनी, ट्रान्समीटर चोरीला गेलाय! चोर तुमच्याच भागात आहे!"

"अगं बाई!" मी म्हणाले.

त्याने सगळ्या क्लबाला बोलावलं. बॅटऱ्यांच्या दुकानाची मालकीण आली, बोटं भाजलेला सोल्डर मास्तर आला, आणखी चार-पाच जण आपापल्या डब्या घेऊन आले. हरवलेला ट्रान्समीटर हुडकायचा म्हटल्यावर या लोकांना लग्नाच्या वरातीसारखा चेव चढतो. डेसिबल सगळ्यांच्या पुढे. "पासष्ट! इकडे नाही! बावन्न! या, या!" मी सगळ्यांच्या मागे. मला रस्ता पाठ होता.

निळ्या फाटकापाशी तो थबकला. "अरे, हे तर आमचंच घर. चोर माझ्या घरात शिरलाय!" सोल्डर मास्तराने कुंडीतली काठी उपटली. "थांबा," डेसिबल म्हणाला, "फार जवळ आलं की आकडा फसवतो. अँटेना काढा सगळ्यांनी." सगळ्यांनी अँटेना काढल्या. अँटेना नसली की सिग्नल क्षीण होतो, तरीही उणे चाळीस.

मग त्याला दाराशेजारचे बूट दिसले. टेकडी चढायचे जाड तळाचे बूट, माझ्या नवऱ्याचे, तळाला मातीचा कणही नसलेले. त्याने बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा बुटांकडे. किल्ली त्याच्या हातातच होती. तरी त्याने स्वतःच्या घराची बेल वाजवली.

दार त्याच्या बायकोने उघडलं आणि आमची वरात बघून ती भिंतीला टेकली. आतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "कोण आहे गं?" मग तोही आला, घाईने पाठपिशवी खांद्याला अडकवलेला, पण अनवाणी.

"अरे, मी आत्ताच टेकडीवरून..." त्याची नजर माझ्यावर गेली आणि सवयीने तो म्हणाला, "हिचं काही ऐकू नका. हिला संशयाचा आजार आहे, तुम्हाला माहीतच..."

सगळ्या डब्या एकदम पिक् झाल्या. बॅटरीवालीने आपली डबी त्याच्या छातीसमोर धरली, चष्मा वर केला आणि आकडा मोठ्याने वाचला, "उणे वीस." कोणी हसलं नाही.

डेसिबल माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच, न ओरडता, त्याचं बोलणं सगळ्यांना नीट ऐकू आलं. "वहिनी, तुम्हाला घर माहीत होतं?"

"हो."

"मग मला एकट्याला सांगायचं होतंत."

"एकट्यालाच सांगायला आले होते, भाऊजी. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत."

त्याने मान खाली घातली. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू? पण सुडाने पोट भरत नाही असं जे म्हणतात, त्यांनी तो कधी घेतलेला नसतो. माझं भरलं.