मधलीचं मत

तिघी बहिणींतली ती दुसरी, म्हणून घरात सगळे तिला मधली म्हणत. आत्मविश्वास मात्र तिघींचा मिळून तिच्या एकटीच्या वाट्याला आला होता. कॉलेजात बाईंनी निबंध परत दिले तेव्हा बाकीच्यांची तोंडं उतरली. हिने फक्त भुवया उंचावल्या.

विषय होता, बाजारातला रस्ता वाहनांना बंद करावा का. त्यावर बाईंनी चार लेख वाचायला दिले होते: एक डॉक्टरांचा, एक नगररचनाकाराचा, एक व्यापारी संघाच्या चिटणिसांचा आणि एक टेम्पो चालवणाऱ्याचा. चौघांना एकत्र घेऊन एकच निबंध लिहायचा होता. मधलीने चौघांचे चार सुबक सारांश करून एकाखाली एक मांडून ठेवले होते.

"चौघं चार खोल्यांत दारं लावून बसलेत," बाई म्हणाल्या. "त्यांना एकमेकांशी बोलू दे. शनिवारी कच्चं दाखव, सोमवारी पक्कं. हा निबंध गेला तर विषय राहिला, आणि विषय राहिला तर वर्ष."

"एवढंच ना," मधली म्हणाली.

ही फुशारकी नव्हती. दारं लावून बसलेल्यांमध्ये ये-जा करण्यात तिची हयात गेली होती. घरचं चष्म्यांचं दुकान. पुढे काउंटरवर बाबा, मागच्या खोलीत मशीनवर चष्म्याच्या काचा घासायला काका. बाबांना ती खोली मोकळी करून तिथे फ्रेमा मांडायच्या होत्या आणि काचा बाहेरून घासून आणायच्या होत्या. काका म्हणत, माझ्या मशीनला हात लावून दाखवा. त्यावरून दोघा भावांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच, आणि दुकान मधलीच्या निरोपांवर चालू लागलं. बाबा म्हणत, "सांग त्याला, डोळे मिटून घासल्यासारखी काच झालीय." आत जाईपर्यंत त्याचं होई, "काका, ही जरा उजेडात बघता का?" काका म्हणत, "तुझ्या बाबांना सांग, एवढं कळतं तर स्वतः घासा." बाहेर येऊन ती सांगे, "बघतायत." तिखट गाळून कामाचं तेवढं पोचवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

चार लेखांनाही तिने तसंच कामाला लावलं. चिटणिसांना भीती होती की गिऱ्हाईक तुटेल. डॉक्टर सगळा लेखभर धुराबद्दल बोलत होते, पण चालत आलेला माणूस दुकानांपुढे जास्त रेंगाळतो, असं एक वाक्य त्यांनी ओघात लिहून टाकलं होतं. मधलीने ते उचललं आणि चिटणिसांपुढे नेऊन ठेवलं. माल उतरवायचा कुठे, हा टेम्पोवाल्याचा प्रश्न तिने नगररचनाकाराकडे नेला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. लिहिताना ती गालातल्या गालात हसत होती.

शनिवारी बाईंनी वाचलं. "छान बोलतायत सगळे," त्या म्हणाल्या. "पण तू कुठे आहेस?"

"मी? सगळं मीच तर लिहिलंय."

"इकडचं तिकडे नेलंस. तुला काय वाटतं?"

मधलीने पानं उलटून स्वतःच्या मताचं एखादं वाक्य शोधलं, पण एकही सापडलं नाही. असं तिच्या बाबतीत कधी घडत नसे, त्यामुळे ते तिला चांगलंच झोंबलं. तशीच धुसफुसत ती दुकानात आली, तर बाबा तयारच होते.

"सांग त्याला, महिनाअखेर ती खोली रिकामी हवीय मला."

आतून काकांचा आवाज आला, "तुझ्या बाबांना सांग, आधी मला उचलून बाहेर ठेवा."

मधली दोघांच्या मध्ये दारात उभी राहिली. एरवी तिने यातूनही काहीतरी गोड काढलं असतं.

"मी कुणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "मला काय वाटतं ते ऐका. दोघांचंही चुकतंय. ही भिंत पाडा आणि मशीन पुढे काउंटरशेजारी आणा. आपली काच डोळ्यांदेखत घासली जातेय म्हटल्यावर माणूस दुसरीकडे कशाला जाईल? आणि मागे फ्रेमांना हवी तेवढी जागा."

बाबांच्या हातातलं फडकं थांबलं. ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का रे? मशीन पुढे आणायचं म्हणते. माझ्या काउंटरशेजारी!"

काका हातातली काच तशीच घेऊन दारात आले. "वेड लागलंय हिला, दादा. मशीनचं पाणी सगळीकडे उडेल."

"पाण्याचं एक वेळ बघता येईल. आवाजाचं काय?"

"आवाज कुठे एवढा होतो? तू कधी आत येऊन ऐकलायस?"

मधली हळूच कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. निबंधाचा शेवटचा परिच्छेद तिने खोडला आणि त्याखाली लिहिलं: 'माझ्या मते रस्ता वाहनांना बंद करावा, पण आधी त्याच्या कडेला बाकं टाकावीत. रोज आमच्या दुकानात म्हातारी माणसं येतात, ती चष्म्याआधी बसायला जागा शोधतात. या चौघांपैकी एकालाही ती दिसलेली नाहीत.' बाई पास करणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

भिंत पाडायची की तिच्यात नुसती खिडकी काढायची, यावरून तिकडे दोघांची जुंपली होती. पान भरेपर्यंत तिला कुणी हाक मारली नाही.