सोमवारची देवघेव

कपडे बदलायचे नाहीत, हा पहिला नियम मास्तरने घातला. मास्तर म्हणजे थोरलीचा नवरा. नाटक कंपनीचे कपडे शिवायचा, म्हणून मास्तर. थोरली स्वतः पंचवीस वर्षे महाविद्यालयात शिकवत होती, पण तिला मास्तर म्हणावे असे कोणाच्या मनात कधी आले नाही. माहेरी ती थोरली होती आणि पन्नाशीला टेकली तरी थोरलीच राहिली.

दोघे मिळून प्रयोग करत. एकदा त्यांनी महिनाभर एका बंद दुकानाच्या काचेआड संसार मांडला होता आणि रस्त्याने जाणाऱ्या लोकांनी त्यांचे जेवण, भांडण आणि घोरणे फुकटात पाहिले होते. पुढे एका परिषदेत त्यावर तीन निबंध वाचले गेले. तिन्ही विद्वानांना प्रयोग पुरता कळला होता. पाहिला मात्र एकानेही नव्हता. थोरली शेवटच्या रांगेत बसून टिपणे काढत होती. तिच्या रागाची हीच रीत होती. तो आदळआपट करत नसे, टिपणे काढत असे.

नवा प्रयोग त्या टिपणांतून निघाला. बाई आणि पुरुष म्हणजे सवयींची शिवण, असे थोरलीचे म्हणणे. मग उसवून पाहू, असे मास्तरचे. दर सोमवारी सकाळी चहाच्या वेळी दोघांनी आपली एकेक सवय दुसऱ्याला देऊन टाकायची. सोंग नको, आवाज चोरणे नको, बोलण्यातली क्रियापदे जिथल्या तिथे. मास्तरची झुबकेदार मिशीही जिथल्या तिथे. सोंग काय, कोणीही आणते. दाराची घंटा वाजली की हातातले टाकून कोण उठते, शेवटचा तुकडा कोणाच्या पानात पडतो, कात्री कुठे ठेवली आहे हे घरात कोणाला ठाऊक असते, एवढ्याचीच देवघेव.

मास्तर कामाला चोख होता. तो गळ्यातली टेप काढून सवयींची मापे घेई. बसल्यावर तिच्या गुडघ्यांत चार बोटांचे अंतर, त्याच्या गुडघ्यांत दीड फूट. कोणी आवाज चढवला की ती अर्धे पाऊल मागे सरते, तो वीतभर पुढे. ही मापे तो खाकी कागदावर उतरवून भिंतीला टाचत असे, आणि सोमवारचा सौदा झाला की त्या कागदावर नव्या धन्याची खूण करत असे.

प्रयोग संपवण्याचा नियम थोरलीने लिहिला, आणि चूक तिथेच झाली. घरी येणाऱ्या कोणीतरी, दोघांच्या देखत, आपण होऊन म्हणायचे की तुम्ही अदलाबदल केली आहे. तोवर प्रयोग चालू. जरा कंटाळा आला की गाशा गुंडाळणाऱ्या कलावंतांची तिला शिसारी येई. म्हणून तिने नियमात आपल्या दोघांसाठी पळवाट ठेवली नाही. महिन्याभरात कोणीतरी बोलेलच, असे ती म्हणाली. मास्तर काही बोलला नाही. ऐकून घेऊन गप्प बसण्याची सवय त्याच सोमवारी त्याच्याकडे आली होती.

महिना गेला, चार गेले. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस मास्तरच्या खांद्यावरून पलीकडे पाहत, घरात कोणी मोठे माणूस आहे का, असे विचारता झाला आणि थोरलीला पाहून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. शेजारीण पूर्वी थोरलीशी तासन्‌तास बोलायची. आता तिला जिन्यात पाहिले की आवाज उतरवून बाजूला सरायची आणि मास्तरच्या कानाशी लागायची. महाविद्यालयात, पंचवीस वर्षांत प्रथमच, सभेत थोरलीचे वाक्य कोणी मध्येच तोडले नाही. याचा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला किळस आली. एवढे सगळे गुडघ्यांतल्या अंतरावर उभे होते तर. मास्तरच्या मिशीला कोणी विचारत नव्हते. ती बिचारी त्याच्या ओठावर बसून होती, मालक परगावी गेलेल्या घरावरच्या पाटीसारखी.

मग फोनचा सोमवार आला. आईला दर रविवारी फोन करण्याची सवय थोरलीने देऊन टाकली. तशी ती सवय फार मोलाची नव्हती. घड्याळ समोर ठेवून चार मिनिटे बोलायचे, औषध घेतलेस का विचारायचे, की झाले. मास्तर तासभर बोलू लागला. दुसऱ्या खोलीतून थोरलीला त्याचे हुंकार ऐकू येत. आईने कधी कोणाला न सांगितलेल्या गोष्टी तो ऐकत होता हे त्या हुंकारांवरूनच कळे. एकदा तिने मधेच फोन हातात घेतला, तर पलीकडून आईचा सावरलेला आवाज आला: “काय म्हणता जावईबापू, बरं आहे ना?”

थट्टाच असेल, असे थोरलीने ठरवले. पण त्या दिवसापासून तिला प्रयोगात रस उरला नाही. तिला आई परत हवी होती.

आणि आईसारखा प्रेक्षक शोधून सापडला नसता. आईने चाळीस वर्षे प्रसूतिगृहात काढली होती. हजारो बाळे तिच्या हातात आली, आणि मुलगा की मुलगी हे जगाला सर्वांत आधी तिने सांगितले. त्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थोरलीने तिला आठ दिवसांसाठी बोलावून घेतले. आई बोलली की पुढचे काम नियमच करील, असा तिचा हिशेब होता.

आई आली. दारात तिने मास्तरला जवळ घेतले, त्याचा गाल कुरवाळला, वाळलीस गं, असे म्हणाली. तिचा अंगठा मिशीच्या कडेने सहज पुढे गेला, वाटेतल्या दगडाला वळसा घालावा तसा. मग थोरलीकडे वळून तिने पदर सारखा केला आणि प्रकृतीची चौकशी केली. थोरली हसली. आई हसली नाही.

सात दिवस असे गेले. आईने पायाची नखे काढायला मास्तरला बसवले. जुन्या दुखण्यांची नावे, मेलेल्या मावशीची गाऱ्हाणी, वडिलांनी एकदा रागाने फेकलेले ताट, सगळे त्याच्यापाशी. थोरली खोलीत शिरली की बोलणे थांबे आणि दोन चेहरे अदबीने वर होत. मास्तरच्या चेहऱ्यावर थोरलीने कधी न पाहिलेली एक निवांत चमक आली होती. तिने त्याला एकट्याला गाठून, आता पुरे, असे म्हटले तेव्हा तो दुमडलेल्या कपड्यावरची सुरकुती काढत राहिला. नियम तुझाच आहे, म्हणाला. आणि मग, खाली मान घालून: “मला मागे नको बोलावूस. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या मापाचं घालून फिरत होतो.”

तो खोटे बोलत नव्हता, आणि थोरलीला ते समजत होते. जन्माने मिळालेले माप कोणावर लादू नये, असे तिने आयुष्यभर लिहिले, तेच आता तिच्या समोर बसून घड्या घालत होते. तिला त्याचे काहीच हिरावून घ्यायचे नव्हते. तिची आई तेवढी तिला हवी होती.

आठव्या दिवशी, रविवारी दुपारी, मास्तर स्वयंपाकघरात असताना ती आईसमोर जाऊन बसली.

“आई, मी थोरली.”

आईने चष्मा लावला. बाळ उजेडात धरून पाहावे तसे तिने लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिले. त्या नजरेत धूसर असे काही नव्हते.

“माहीत आहे की,” ती हळूच म्हणाली. “मिशी काय, दिसत नाही का मला?”

“मग बोल ना. त्याच्यासमोर एकदा बोल. एवढंच हवंय.”

“नाही बोलणार.” आईने चष्मा काढून पुसला. “तू झालीस तेव्हा मीच मान उचलून पाहिलं, आणि मीच सांगितलं, मुलगी. दुसरं कोणी बोलायच्या आत. त्या मुलीची मी अठ्ठेचाळीस वर्षं वाट पाहिली. आता ती आली आहे. माझ्याजवळ बसते, माझं ऐकते. आणि तुझ्या त्या भिंतीवरच्या एका कागदासाठी मी तिला घालवून देऊ?”

“मी होतेच की, आई.”

“होतीस. दारात, एक पाय बाहेर.” आईचा आवाज मऊ झाला. “वाईट वाटून घेऊ नकोस. जावई म्हणून तुमचं काही वाईट नाही. व्यसन नाही, हात उगारत नाही. तुम्ही बसा, वाढतोच आहोत.”

गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

थोरली जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली. आपल्याच लेखणीने लिहिलेला नियम तिने मनात पुन्हा वाचला. त्यात खाडाखोडीला जागा नव्हती. भाषा निर्दोष होती. आत भांडे वाजले, आई काहीतरी पुटपुटली, मास्तरने उत्तर दिले, आणि दोघे हसले. तोंड दाबून, बाहेरच्या माणसाला ऐकू जाऊ नये असे.

ते हसणे तिच्या ओळखीचे होते. लहानपणी आई आणि मावशी आत अशाच हसत, आणि बाहेर वडील पानाची वाट पाहत बसलेले असत. त्या वेळी आपण कुठे होतो, हे थोरलीने आठवून पाहिले. आत कुठेच नाही. बाहेर, वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत, पुस्तक उघडून. कोणी तिला आत बोलावले नव्हते. ती उठून गेलीही नव्हती. अकरा महिने सोमवारमागून सोमवार काय दिले याची यादी भिंतीवर होती, पण ही खुर्ची तिला कोणी दिलेली नव्हती.

ती उठली. उंबरठ्याशी जाऊन उभी राहिली. ओट्यापाशी दोन पाठी खांद्याला खांदा टेकून उभ्या होत्या, वाफ वर चढत होती, आणि आणखी एका माणसाची जागा त्यांच्यामध्ये कुठेच नव्हती. तिची चाहूल लागताच हसणे थांबले. दोघे एकदम वळले. चेहरे प्रेमळ होते, जरासे घाईत.

“काय झालं?” आईने विचारले. “काही हवं होतं का?”