बदलून घेण्याची पट्टी

आइसलँडात नाताळला सगळे एकमेकांना पुस्तकंच देतात. एकच पुस्तक दोन-तीनदा पदरात पडतं, म्हणून दुकानदार मागे बदलून घेण्याची, मुदत छापलेली पट्टी चिकटवून देतात. ठेवायचं ठरलं, की पट्टी काढून टाकायची.

हालबेरा शरद ऋतूत स्टेनग्रिमच्या घरी राहायला आली, ती पुस्तकांची खोकी घेऊनच. दोघंही साठीच्या पुढची, दोघंही एकटी. पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडात गळाभर पाण्यात बसून पुस्तकांवर बोलता बोलता जमलेलं हे प्रकरण. पण जानेवारी उजाडला तरी खोकी दारातच होती आणि तिचं जुनं घर विकायचं राहिलं होतं. गिऱ्हाईक तयार होतं. एजंटाला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि हालबेराचं काही ठरत नव्हतं.

स्टेनग्रिमने मोबाइलवर एक ॲप घेतलं होतं. पुस्तकाचा बारकोड दाखवला, की नोंद झाली. दुहेरी निघालं, तर ते टुणकन वाजायचं.

"दोन्हीतली चांगली प्रत ठेवू, दुसरी दान करू," तो म्हणाला. त्याने आपली पुस्तकं आधीच नोंदवून ठेवली होती.

चांगली म्हणजे त्याचीच. हालबेरा पुस्तक आंघोळीच्या टबात वाचायची, त्यावर कॉफीचा कप ठेवायची. त्याची पुस्तकं मात्र काल दुकानातून आणल्यासारखी कोरी करकरीत. टुणकन वाजलं, की तिचंच पुस्तक दानाच्या खोक्यात. दुपारपर्यंत खोकं भरलं आणि तिच्या मनात आलं, माझं असं या घरात काही उरणार तरी आहे का?

"मलाही घाल त्या खोक्यात. मीही डागाळलेलीच आहे!" ती फणकारली.

"अगं, चिडतेस कशाला? तुझ्याच पुस्तकाची पानं सुटलीत."

"बघू दे तुझं काय सोनं आहे ते!" तिने फळीवरून त्याची प्रत ओढली. गेल्या नाताळला तिनेच दिलेली. मागे पट्टी तशीच होती, बारकोडावरच. तिने दुसरं काढलं, तिसरं काढलं. गेल्या काही वर्षांतल्या एकाही पुस्तकाची पट्टी निघाली नव्हती.

"मग यांची नोंद केलीस कशी?"

"नाव बोलून घातलं."

"स्टेनग्रिम, तू यातलं एकही वाचलेलं नाहीस."

तो चोरी पकडली गेल्यासारखा खाली बघू लागला. "एक पान झालं, की अक्षरं पोहायला लागतात. डॉक्टर म्हणाले, आता असंच राहणार."

"आणि कुंडात बसून नाकाने कांदे सोलायचास, शेवट फसलाय, नायिका कच्ची आहे, ते?"

"रेडिओवर ऐकलेलं. तू नुसती पुस्तकांवरच बोलायचीस. मी वाचत नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसली असतीस का?"

हालबेराला राग आला होताच, पण त्याहून जास्त माया दाटून आली. या माणसाने आपल्यासाठी रेडिओला कान लावून धडे पाठ केले! ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

स्टेनग्रिम खाली बसला. दानाच्या खोक्यातून त्याने तिची डागाळलेली पुस्तकं एकेक करून फळीवर लावली, आणि त्यांच्या जागी आपली कोरी खोक्यात टाकली. तिने दिलेलं तेवढं हातात धरून ठेवलं.

"हे राहू दे. वाचून दाखवशील?"

हालबेराने त्या पुस्तकाची पट्टी नखाने सोडवली आणि त्याच्या स्वेटरवर, बरोबर छातीवर चिकटवली.

त्याने मान वाकवून डोळे बारीक केले. "काय लिहिलंय?"

"मुदत संपली. आता बदलून मिळणार नाही," तिने वाचून दाखवलं, आणि एजंटाला फोन लावला.