मोबाइल बायनाबाईच्या हाती

देवराव पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला जुना नट. वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये त्याने सावकार केले, दारोगे केले, पण बाप करावा तो देवरावनेच, असं गावोगावचे लोक म्हणत. गेल्या उन्हाळ्यात त्याचं हृदय थकलं. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आला तेव्हा सोबत गोळ्या होत्या आणि एक वजनकाटा. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं. आकडा मोबाइलमधून आपोआप तिकडच्या डॉक्टर रीता मॅडमपर्यंत पोचायचा. दर सोमवारी मॅडम मोबाइलवरच भेटत. नागपूरची दगदग वाचली म्हणून त्याच्या बायकोला, बायनाबाईला, हायसं वाटलं होतं.

पण मोबाइलसमोर बसला की देवराव नट होई. धुतलेला सदरा, नीट पाडलेला भांग, पोटातून काढलेला आवाज. "एकदम मस्त, मॅडम. काईच तकलीफ नाई." बायनाबाई चुलीपाशी बसून ऐके. दवाखान्यातही तो तिला बाहेरच्या बाकावर बसवून आत एकटाच जात असे.

दिवाळी जवळ आली, तालमी सुरू झाल्या. त्या सोमवारी मॅडमनी नमस्कार होताच विचारलं, "देवरावभाऊ, आठवड्यात वजन तीन किलोने वाढलं. कसं काय?"

"सणाचे दिवस जी. बायको खाऊ घालून राह्यली."

मॅडम हसल्या नाहीत. "मोबाइल बाईंकडे द्या. बाई, भाऊंना अंगणात चालायला सांगा आणि मोबाइल त्यांच्याकडे धरा."

बायनाबाईने नवऱ्याला रंगमंचावर लांबून पाहिलं होतं, घरात कामाच्या धबडग्यात पाहिलं होतं. हातचं सगळं सोडून नुसतं त्याच्याकडे पाहायची वेळ आजच आली. रंगमंचावर प्रवेश करावा तसा तो ऐटीत निघाला. निम्म्या अंगणात त्याचे खांदे वरखाली होऊ लागले. मग कुंपणाचा बांबू धरून, वेलावरचा दोडका पाहत असल्यासारखा तो उभा राहिला.

"आता पाय दाखवा."

देवरावने धोतर खाली ओढलं. बायनाबाईने उकिडवं बसून स्वतःच ते वर केलं आणि मॅडमनी सांगितलं तसं सुजलेल्या नडगीवर अंगठ्याने दाबलं. खळगा पडला, तो भरेचना.

"गोळ्या घेता ना?"

"घेतो जी," देवराव झटकन म्हणाला.

"नाई घेत, मॅडम," बायनाबाई म्हणाली. "लघवीची गोळी तोंडात टाकते अन् मांगं जाऊन थुकते. तालमीतून सारखं उठा लागते म्हणून. मी पाहून राह्यली होती, पण मले आजवर कोणी विचारलंच नाई."

"बायने!" देवराव गरजला. तिचा मोबाइल धरलेला हात हलला नाही.

मॅडमनी त्याला आजच जवळच्या ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं; तिथल्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलणार होत्या.

"भाऊबीजेले पह्यला प्रयोग हाय," देवराव म्हणाला. आवाजातलं नाटक आता गेलं होतं. "माहा पार्ट कोन करन?"

"कोनीबी करन. चला."

पहिला प्रयोग दुसऱ्याच नटाने केला. देवराव दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडला. बायनाबाईशी धड बोलेना. हळूहळू अंगातलं पाणी उतरलं, पाय बारीक झाले, पाठीशी उशांची चळत न लावता झोप लागू लागली. मॅडमनी गोळीची वेळ अशी बांधून दिली, की तिचा जोर संध्याकाळच्या तालमीआधी ओसरावा. "तालमीची अडचण आधीच सांगितली असती तर?" त्यांनी फोनवर विचारलं.

मॅडमचा फोन ठेवल्यावर त्याने बायकोला विचारलं, "त्या दिशी चालताना मी कसा दिसलो?"

"म्हातारा."

त्याने पांघरूण सारून आपले बारीक झालेले पाय पाहिले. "मले वाटलं होतं, जमून राह्यलं."

हंगाम सरता सरता, मॅडमना विचारूनच, त्याने खुर्चीवर बसून करायची न्यायाधीशाची छोटी भूमिका घेतली. बायनाबाई पहिल्या रांगेत होती. नाटकात काय घडलं ते तिला सांगता आलं नसतं; ती सगळा वेळ त्याच्या श्वासाकडे पाहत होती.