काट्यावरची पदवी

मी एक जुना संगणक आहे. माझ्या अंगावर कुठल्याच मोठ्या कंपनीचं नाव नाही, कारण मला कुठल्याच मोठ्या कंपनीने बनवलेलं नाही. सांगलीच्या एका छोट्या दुकानात मला जोडलं. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, पडदा तिसऱ्याचा. मित्रांनो, जोडलेल्याला लोक कमी समजतात. मी तेरा वर्षं चाललो आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आधी तेरा वर्षं चालून दाखवावं.

माझी नोकरी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, जयराज मालकांच्या वजनकाट्यावर होती. ट्रक आधी रिकामा यायचा, मग भरून यायचा. मी दोन्ही वजनं टिपून पावती काढायचो. माझ्या जगात नुसते आकडे होते. कळफलकावरचे आकडे बोटांनी घासून पुसट झाले, अक्षरं मात्र दुकानातून आली तशीच कोरी राहिली. ती मला नवव्या वर्षी शिकायला मिळाली. संगणकाच्या आयुष्यात ते म्हातारपणच.

शिकवणाऱ्या बाईला काट्यावर सगळे मंगल म्हणायचे. ती सकाळच्या पाळीला केबिनमध्ये बसायची. माहेर कवठे महांकाळच्या बाजूचं, वडील ज्योतिबा मेंढरं राखत. सांगलीच्या कॉलेजात संगणकशास्त्राची दोन वर्षं ती पास झाली होती. तेवढ्यात लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. तेव्हापासून लोक तिला अर्धवट शिकलेली म्हणत.

मग मालकांनी नवा संगणक आणला. मला भंगाराच्या गाडीवर टाकायचं ठरलं. गाडी यायला वेळ होता, म्हणून एका ड्रायव्हरने गंमत म्हणून मला एकट्यालाच काट्यावर ठेवलं. नव्या संगणकाच्या पडद्यावर शून्य आलं. आमचा काटा दहा किलोच्या खालचं वजन दाखवतच नाही. सगळे हसले. मंगल हसली नाही.

"मालक, शून्य वजनाचं भंगार तुमी इकनार कसं? मला द्या."

"घ्या की. पर ते नीट चालतंय कुठं?"

"चालवते मी."

तिने मला केबिनच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यावर ठेवलं. रंगाच्या जुन्या ब्रशने माझ्या पोटातली नऊ वर्षांची धूळ काढली. फुकट मिळणारी हलकी प्रणाली माझ्यात भरली. मग माझ्यावर पहिला प्रोग्राम लिहिला. तो चालला तेव्हा पडद्यावर एकच शब्द उमटला: क्रांती.

मला कळेना, ही क्रांती कोण? नंतर समजलं. ते तिचंच नाव. लग्नात तांदळाच्या ताटात नवरदेवाने, कृष्णातने, अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, मंगल. ते तिच्या सासूबाईंच्या, हरणाबाईंच्या, सासूचं नाव. म्हणजे कुपवाडात तिचं खरं नाव माझ्याशिवाय कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तरी तिला त्याच नावाने ओळखू लागलो.

तिने काय ठरवलं होतं ते सोपं करून सांगतो. पास झालेल्या प्रत्येक विषयाला श्रेयांक मिळतात. ते एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात. पदवीला एकशे वीस लागत होते आणि तिच्या जुन्या दोन वर्षांचे चौसष्ट मान्य होण्यासारखे होते. उरलेले काही मुक्त विद्यापीठाच्या परीक्षांतून, काही घरबसल्या शिकून केंद्रावर दिलेल्या परीक्षांतून मिळवायचे. कॉलेजची लाखांची फी तिच्याकडे नव्हती. एवढ्यासाठी गप्प बसायचं तिला मान्य नव्हतं.

मालकांनी हे ऐकलं आणि ते चहाचा कप हातात घेऊन केबिनमध्ये आले. "हितलं थोडं, तितलं थोडं. जोडकामाची डिगरी म्हना की!"

क्रांतीने माझ्या डब्यावर थाप मारली. "ह्यो बी जोडलेलाच हाय, मालक. नऊ वर्षं तुमच्या पावत्या कुनी काढल्या?"

मालक चहा पिऊन निघून गेले.

एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंतचा वेळ तिचा होता. हॉर्न वाजला की उठायचं, पावती द्यायची, परत बसायचं. कधी एका धड्याला अकरा ट्रक लागत. गणिताच्या एका पेपरात ती नापास झाली. त्याच आठवड्यात मीही दोनदा बंद पडलो. तिने मला शिव्या घातल्या, मग पंखा बदलला आणि पेपर परत देऊन पास झाली. परीक्षेला कृष्णात तिला मोटारसायकलवरून सोडायचा आणि केंद्राबाहेर झाडाखाली झोपायचा.

तीन वर्षांनी उरलेले सगळे श्रेयांक मिळाले. आम्ही पदवीची वाट पाहत होतो. आलं ते विद्यापीठाचं पत्र. माझ्याच पडद्यावर तिने ते वाचलं. जुने चौसष्ट श्रेयांक क्रांती नावाच्या विद्यार्थिनीचे आहेत, नवे छप्पन मंगल नावाच्या. या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. एकच असल्याचा पुरावा आणि पदवीवर कोणतं नाव हवं ते साठ दिवसांत कळवावं, नाहीतर जुने श्रेयांक रद्द होतील.

चूक तिचीच होती. लग्नानंतर आधार कार्डावर मंगल झालं आणि अर्ज भरताना तिने तेच लिहिलं. आमच्याकडच्या किती पोरींनी हे केलं असेल! आता दोन अर्ध्या बायका होत्या आणि पदवी एकीचीही नव्हती.

लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. ती केली असती तर दाखल्यावर आधीचं आणि नंतरचं नाव एकत्र आलं असतं. पण त्याला लग्नात हजर असलेले तीन साक्षीदार लागत होते. दोन मिळाले. तिसरीला क्रांतीने केबिनमध्येच विचारलं. हरणाबाई डबा घेऊन आल्या होत्या.

"साक्ष दीन की. पर डिगरीवर नाव मंगलच ना?"

"न्हाई आत्या. क्रांती."

हरणाबाईंनी डबा टेबलावर आपटला. "माझ्या सासूचं नाव दिलं तुला. ते वंगाळ हाय व्हय?"

"वंगाळ न्हाई. पर ही साळा ज्योतिबाच्या क्रांतीनं सुरू केली. मेंढरामागं फिरून त्यांनी फी भरली. शेवटाला तिचं नाव पुसायचं?"

"मग ते जुनं सोड. मंगलच्या नावानं दोन वर्षं परत शिक."

"पास झालेला पेपर मी दुसऱ्यांदा देनार न्हाई."

हरणाबाई डबा तिथेच टाकून गेल्या. पुढचे नऊ दिवस डबा आला नाही. क्रांती वडापाव खायची आणि माझ्याकडे बघत बसायची. रागाने बटणं दाबायची नाही, हे तिचं मोठेपण. मी मात्र आतून तापलो होतो.

दहाव्या दिवशी हरणाबाई नवं लुगडं नेसून केबिनमध्ये आल्या. "ऊठ. कुठं अंगठा द्यायचा चल."

"आत्या, नाव..."

"ठावं हाय. मी बी माहेरची सुलाबाई व्हते. हितं आल्यावर हरणा केली. सुलाबाई म्हननारं आता कुनी जित्तं न्हाई." दाराकडे वळत त्या म्हणाल्या, "घरात मातुर मी मंगलच म्हननार!"

"म्हना की. ओ दीन."

दुपारी दोघी परत आल्या त्या हसतच. हरणाबाईंनी जयराज मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सायेब म्हनला, आजी, सही येत न्हाई का? मी म्हनलं, सायेब, अंगठाच घ्या. नाव बदललं, गाव बदललं, अंगठा न्हाई बदलला कवा!"

दाखला मिळाला, तो पाठवला, आणि छप्पन्नाव्या दिवशी उत्तर आलं. पुढे पदवीची प्रत माझ्याच पडद्यावर उघडली. चौसष्ट आणि छप्पन एकाच नावाखाली होते. नाव तेच होतं, जे मी सगळ्यात आधी लिहायला शिकलो. ते दाखवताना मी एकदाही अडखळलो नाही.

आता क्रांती त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रोग्राम लिहिते. मला तिने घरी नेलं. सकाळी हरणाबाई माझ्यासमोर बसतात आणि क्रांतीने शिकवलेली अक्षरं शोधत एका बोटाने "सुलाबाई" लिहितात. माझ्या कळफलकावरची अक्षरंही आता आकड्यांसारखी पुसट झाली आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तूची दया करा, असं मी म्हणणार नाही. धूळ झाडा, पंखा बदला आणि कामाला लावा. आणि कुणाला अर्धवट म्हणण्याआधी त्याचं उरलेलं अर्धं कुठे अडकलंय ते विचारा. मला परत काट्यावर ठेवलंत तर आजही शून्यच दिसेल. खुशाल ठेवा. तो काटा ट्रकांसाठी केलेला आहे.

मी चालू आहे.