यशोदाबाईचं बसणं

बाईमाणूस भरदिवसा डोळे मिटून बसलं, तर गावाला त्याची दोनच कारणं ठाऊक होती. एक तर ती आजारी असेल, नाहीतर तिच्या अंगात आलं असेल. अमळनेरजवळच्या त्या गावाला तिसरं कारण एकोणनव्वद सालापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. यशोदाबाईलाही गावाला शिकवायची हौस नव्हती. तिला जगायचं होतं, बस.

अमळनेरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला आणि मान हलवली. "गोळ्या घेऊनही रक्ताचा दाब उतरत नाही, बाई. असंच चाललं तर एक दिवस अर्धं अंग जाईल. गोळ्या सोडायच्या नाहीत, पण जोडीला रोज सकाळी शांत बसा. डोळे मिटा, श्वास कसा येतो, कसा जातो, तेवढं बघा. मन पळालं की परत आणा."

"त्यानं काय होतं?"

"जीव सैल पडतो, झोप लागते, दाबालाही उतार पडतो. हे काही माझ्या डोक्यातलं नाही. अजिंठ्याला गेल्या असाल ना? तिथले भिक्षू हेच करत बसायचे, आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून हे चालत आलंय."

अजिंठा तिनं पाहिला होता. तिथला पापण्या झुकवलेला बुद्ध बघून तिला वाटलं होतं, बिचारा दमला असेल.

यशोदाबाई हट्टाची. न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून ती रोज ओसरीवर बसू लागली. मन दावं तोडलेल्या म्हशीसारखं पळायचं. ही पुन्हा ओढून आणायची. हळूहळू डोक्यात दिवसरात्र पडणारे घण थांबले. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा हसले.

आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या बेबाबाईनं तिला ओसरीवर बसलेलं पाहिलं. मोकळे केस, मिटलेले डोळे, श्वासासरशी हलणारं अंग! आणखी काय पुरावा हवा? मंगळवारी ओसरीवर नारळ, हळदकुंकू आणि प्रश्न घेऊन बाया हजर. कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या पोरीचं जमत नव्हतं. सासू ताईबाईनं तर नवी सतरंजीच अंथरली. जन्मभर ताईबाईला कुणी पुढं बसवलं नव्हतं; आता अंगात येणाऱ्या सुनेची सासू म्हणून सगळ्या तिच्याही पाया पडत होत्या. तिचं सुख बघून यशोदाबाईची जीभ उचलेना.

पण बायांचा राबता रोजचाच झाला. बसणं संपलं आणि घण पुन्हा सुरू झाले. या खेपेला डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि गोळ्या वाढवल्या. घरी येताना एसटीतच तिनं ठरवलं, सासू रागावली तर रागावली.

पुढच्या मंगळवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "मन्हा आंगमा देव ये नही. कधीच उना नही."

ताईबाईचा चेहरा खर्रकन उतरला. बेबाबाई फणकारली, "मंग डोळा मिटीसन काय करस?"

"श्वास दखस."

ओसरी खदखदून हसली. "श्वास काय दखाना, वं माय? तो काय पळी जाई का?"

"एक दिन पळीच जाई," यशोदाबाई म्हणाली. "म्हनीसन दखस."

हसू जागच्या जागी थांबलं. ताईबाई सुनेकडे बघत राहिली. तिचा स्वतःचा नवरा असाच गेला होता, सकाळी बैलाला पाणी दाखवताना; डोकं दुखतं म्हणाला होता आणि तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. गुडघ्यावर हात देऊन ती उठली, एकेक नारळ उचलून जिचा तिच्या हातात देऊ लागली.

"उठा वं बठ्ठ्या," ती म्हणाली. "घर जा. तिले बठू द्या."