पिल्लांचा बाप

रंगाच्या दुकानात मी शेड जुळवायचे. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणायचं आणि म्हणायचं, "अस्साच पाहिजे." मी तो पोपडा दारातल्या उजेडात धरायचे आणि पांढऱ्यात काळा किती, पिवळा किती, तांबडा किती हे तोंडी सांगून टाकायचे. दुकानात मशीन नंतर आलं. तेही बरं काम करतं, पण मालक त्याच्या आधी मलाच विचारायचे.

हीच नजर कोंबड्यांच्या कामी आली. आमच्या मागच्या अंगणात अकरा कोंबड्या आहेत आणि एकीचा रंग दुसरीला नाही. अशा सरमिसळ कळपात पिल्लू निघालं की त्याची आई कोण, बाप कोण, हे मी सांगते. ओलं पिल्लू बघून सांगणारे थापा मारतात. ते वाळून फुललं की मग बघायचं. पाठीवर तपकिरी पट्टे असले तर आई तपकिरी कोंबडी. काळ्या अंगावर, डोक्याच्या मधोमध पांढरा ठिपका असला तर आई पट्टेरी. आणि बाप पट्टेरी नसेल तर तो ठिपका फक्त नरांना येतो, म्हणजे कोंबडा की कोंबडी हेही तिथल्या तिथे कळतं. गल्लीत यावर पैजा लागतात. मी एकदाच हरले, आणि तेव्हाही शेजारणीने भलतंच अंडं घुसडलं होतं.

या सगळ्यांत माझा जीव होता मेजरवर. उघड्या मानेची एक कोंबडी आणि पायांवर पिसं असलेला एक कोंबडा, यांच्यापासून तीन वर्षं खटपट करून मी तो मिळवला होता. मान लालबुंद आणि उघडी, पायांत पिसांचे मोजे, आणि अंगाचा रंग ओल्या पाटीसारखा निळसर राखाडी. असा कोंबडा आसपास दुसरा नव्हता. त्याच्यापासून अजून एकही पिल्लू काढलं नव्हतं. थंडी सरली की अंडी बसवायची असं ठरवलं होतं. माझ्या नणंदेचा कोंबडा मेला तेव्हा तिने भावाकरवी मेजरला मागून पाहिलं. "मेजर या घरातून गेला तर मागोमाग मीही जाईन," असं मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला आणि विषय संपला.

त्यानंतर आठवड्याभरातच, एका सकाळी खुराड्याचं दार सताड उघडं होतं. अंगणात राखाडी पिसं पसरली होती आणि मेजर नव्हता. बाकीच्या वरच्या दांडीवर जीव मुठीत धरून बसलेल्या. नवरा पिसं गोळा करत म्हणाला, "कुत्र्याने नेला वाटतं." मी दाराची कडी बघितली. ती मोडली नव्हती, वाकली नव्हती. नुसती उघडी होती. रोज संध्याकाळी कडी मीच लावते.

"मी काल कडी लावली नाही?" मी विचारलं.

नवरा पिसांकडेच बघत म्हणाला, "होतं असं कधी कधी. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस."

मी ढसाढसा रडले. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, चहा करून दिला, आणि त्या दिवशी बसडेपोत कामाला उशिरा गेला. किती समजूतदार नवरा मिळाला, असंच मला वाटलं.

पण मला कोंबड्याच्या दुःखापेक्षा भलतीच भीती बसली. कडी लावल्याचं मला आठवत होतं. थंडगार लोखंड बोटांना लागलेलंही आठवत होतं. ते आठवणं खोटं निघालं, म्हणजे डोक्यात काहीतरी बिघडलं होतं. माझ्या आईची सुरुवात अशीच झाली होती. आधी गॅस, मग नळ, मग माझं नाव.

तेव्हापासून मी कडी तीनदा बघू लागले. मग कुलूप, मग गॅस. दुकानात एकेका डब्याचं माप चारदा तपासू लागले. एका मोठ्या इमारतीचं काम आलं, साठ डबे, सगळे एका शेडचे, एक जरी हुकला तरी भिंतीवर दिसणार. मालकांना मी म्हटलं, "हे दुसऱ्या कुणाला द्या, माझा भरवसा नाही." मालक बघतच राहिले. आता मी ब्रश आणि पॉलिश पेपरच्या काउंटरवर बसते. शेड जुळवायला एक नवीन मुलगी आली आहे. ती पोपडा सरळ मशीनखाली धरते.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. नवरा बरोबर आला होता. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: खुर्ची, पेरू, पूल. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी घामाघूम झाले, पण सगळं बरोबर आलं. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "घरी काय काय विसरतात?" तो आठवत असल्यासारखा छताकडे बघू लागला. मग म्हणाला, "खुराड्याची कडी विसरली होती." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

या रविवारी सकाळी नणंदेचे यजमान आले. हे आमचे भाऊजी पोस्टात आहेत आणि मनाने इतके सरळ की त्यांच्याशी पत्ते खेळताना लाज वाटते. काखेत बुटांचं खोकं, खोक्याला भोकं पाडलेली.

"वहिनी, आज तुमची परीक्षा!" त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. "आमच्याकडची, तीन दिवसांची. आया सोप्या आहेत. बाप ओळखा."

नवरा अर्धी दाढी करून बाहेर आला. गालावर साबण तसाच. "अहो भाऊजी, पिल्लांना गार लागेल. झाका ते. चहा घ्या आधी."

"चहा पळून जातोय का?" मी म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच माझा हात शिवशिवत होता.

सात पिल्लं होती. मी एकेक उचलून खिडकीपाशी नेलं. "याच्या डोक्यावर ठिपका. तुमच्या पट्टेरीचा मुलगा. ही तिचीच, पण ठिपका नाही, म्हणजे मुलगी, आणि बाप पट्टेरी नाही. हे दोघे तुमच्या जाड्या काळीचे." भाऊजी मान डोलवत होते. "आता बाप. हिच्या पायांवर बारीक पिसं आहेत. याच्याही. तुमच्या एकाही कोंबडीला पायांवर पिसं नाहीत, तेव्हा ही बापाकडून आली. तिघं राखाडी आहेत, आयांत राखाडी कुणी नसून. म्हणजे बाप राखाडी. आणि चौघांची मान..."

चौघांची मान उघडी होती. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी.

मी कुणाचं वर्णन करते आहे ते मला तेव्हा ऐकू आलं. हातातलं पिल्लू चिवचिवत होतं आणि मला ते खाली ठेवायचं सुचेना.

"बोला, बोला!" भाऊजी टाळी वाजवायच्या बेतात होते.

"मेजर," मी म्हटलं.

"शाब्बास! अहो, आमच्या हिने मला बजावलं होतं, वहिनींपुढे विषय काढू नका म्हणून. यांनीच तिला सांगितलं, तुम्ही दिला मोठ्या मनाने, पण आतून तुम्हाला फार लागलंय, तुमच्यापुढे नावही घ्यायचं नाही. पण पिल्लं बघितल्यावर मला राहवेना. म्हटलं, जिने कोंबडा दिला तिला पहिली..." ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याच्या गालावरचा साबण वाळत चालला होता.

"मी दिला नव्हता, भाऊजी," मी म्हटलं. "मला सांगितलं, कुत्र्याने नेला."

बिचारा माणूस. तोंड एवढंसं झालं. खोक्याचं झाकण दोनदा उलटं बसवलं त्यांनी. "मी मेजरला आजच आणून सोडतो," एवढंच कसंबसं म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

दार लागल्यावर नवरा बोलू लागला. ताई रडकुंडीला आली होती. तिला आजवर कधी नाही म्हटलं नाही. तू तर ऐकूनच घेत नव्हतीस. पिसं त्याची गळालेलीच होती, मी साठवली होती. दोन दिवसांत सांगणार होतो, पण तू इतकी रडलीस की जीभच रेटेना. मग उशीर झाला, मग आणखी उशीर झाला. "आणि शेवटी कोंबडाच तो," असंही म्हणाला. ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कोंबडा गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "कडी मी लावली होती?"

"हो."

"नीट बोल."

लग्नाला बावीस वर्षं झाली, मी त्याला कधी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. त्याने चमकून माझ्याकडे बघितलं.

"लावली होतीस. पहाटे मी काढली."

मी खुर्चीत बसले. चार महिने हेच ऐकायला मी आतुर होते. रोज संध्याकाळी त्या खुराड्यापाशी उभं राहून स्वतःला विचारत होते, आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तीनदा कडी बघताना बघत होता. मी दुकानातलं काम सोडून आले तेव्हा "बरं केलंस, ताण नको" म्हणाला. रोज रात्री पाण्याचा पेला आणि गोळी हातात आणून देत होता.

"मी वेडी होत चाललेय असं मला वाटत होतं," मी म्हटलं. "आईसारखी. तुला माहीत होतं ते."

"माहीत होतं."

"आणि डॉक्टरांपुढे बसून कडीचं सांगितलंस. ते तरी कशाला? गप्प बसायचं होतंस."

तो टॉवेलने गाल पुसत राहिला. साबण केव्हाच निघाला होता, तरी पुसत राहिला.

"त्यांनी विचारलं ना, काय काय विसरते म्हणून," तो म्हणाला. "मी खूप आठवून बघितलं गं. दुसरं काही सापडेचना. तू कधी काही विसरलीच नाहीस."